बारकूचा रंधा

राघो सुताराने बसवलेला दरवाजा कधी कुरकुरत नाही, आणि राघो सुतार कधी कुरकुरायचा थांबत नाही, असं वैशाखरे गावात म्हणायचे. माणूस कामाला सोनं, जिभेला बाभूळ. चौकटीत केसभर फट राहिली तरी स्वतःवरच चिडून अख्खी चौकट उसवायचा. "लाकडाचं काय, मोडलं तरी जुलतं," तो सांगायचा, "सांधा साफ पायजे, बस." जन्मभर त्याने हेच खरं मानलं.

धाकटा भाऊ बारकू राघोच्याच पडवीत रंधा मारायला शिकला, पण त्याचा जीव गिटारीत. हळदीला वाजणाऱ्या बेंजो पार्टीत तो गिटार वाजवायचा. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या घरभरणीची चौकट अर्धी टाकून तो हळदीच्या सुपारीला निघून गेला. राघोचा शब्द गेला. मग दसरा आला. सुताराच्या घरी त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पाटावर मांडून पूजतात. पाटावर हत्यार म्हणजे घरात जागा. राघोने सगळ्यांदेखत बारकूचा लहान रंधा पाटावरून उचलला आणि म्हणाला, "ज्याला लाकूड नको, त्याचा रंधा हितं नको." बारकू भरल्या ताटावरून उठला आणि बायको-पोरीला घेऊन म्हशाला सासुरवाडीत जाऊन राहिला.

राघोला त्याच संध्याकाळी चूक कळली होती. पण मी थोरला, मी कसा जाऊ? हे थोरपण काही पोटाला घालत नाही, तरी माणसं ते जन्मभर पोसतात. रंधा मात्र त्याने फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. पात्याला गंज चढू नये म्हणून अधूनमधून खाली काढून तेल लावायचा. त्याची बायको गीताबाई ते बघायची आणि बघितलंच नाही असं दाखवायची.

यंदा चैत्रात बारकूची मुलगी काजल दारात रिक्षातून उतरली. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मोठे आबा, पप्पांनी धाडलंय."

चादर सोडली तर आत गिटार. मानेच्या टोकाला, जिथे खुंट्या असतात, ते डोकंच मोडून नुसतं तारांवर लोंबकळत होतं. काजलने उभ्याउभ्याच सांगितलं. बारकूच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा कल्याणला जाऊन रक्त साफ करून घ्यावं लागायचं. परवा चक्कर आली आणि तो गिटारीसकट ओट्यावरून खाली आला.

"शनवारी माजी हलद हाय. पप्पा बोलतात, पोरीच्या हलदीला मीच वाजवनार. डॉक्टर बोललेत, आता जास्त टाइम नाय." तिने डोळे पुसले. "आमी बोललो दुकानात दावू, तर नाय बोलले. बोलले, सांधा दादाच करंल."

राघोने तोंड फिरवलं आणि उगाच करवत शोधायला लागला. अकरा वर्षांत भावाकडून आलेला हा पहिला शब्द होता. ते तीन शब्द तो दिवसभर पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिला. गीताबाईने विचारलेल्या चहाचंही त्याला भान नव्हतं.

तारा काढून त्याने दोन्ही तुकडे हातात घेतले. मोडलेल्या जागी लाकडाचे लांब-आखूड दाते निघाले होते. एकदा सहज एकमेकांत सरकवले, तर दात्यात दाता असा बसला की तडा दिसेना. तिथेच फेविकॉल भरून शिकंजा आवळला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण दाते म्हणजे खडबडीत, आणि खडबडीत सांधा राघोच्या डोळ्यात खुपायचा. दरवाज्याला साफ सांधा टिकतो, मग याला का नाही? शिवाय मनात एक वेडी माया आली. बारकूच्या वस्तूला बारकूचाच रंधा लागू दे. त्याने माळ्यावरून फडकं काढलं, पात्याला धार दिली आणि तान्ह्या पोराची नखं कापावीत इतक्या जपून एक एक दाता रंधून काढला. सालपटं गीताबाईने चुलीला घातली.

आता दोन्ही तोंडं आरशासारखी गुळगुळीत होती, आणि एकमेकांवरून घसरत होती. एकमेकांना धरायला काही उरलंच नव्हतं. राघोने आतून लाकडी पिना मारल्या, फटीत भुसा आणि फेविकॉल भरलं, दोन दिवस शिकंज्यात ठेवलं, वरून पॉलिश मारलं. सांधा सापडेना. हातात धरून झटकून पाहिला, पक्का. दरवाजा असाच तपासतात. तारा ताणल्या की त्या मानेला किती ओढतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी तो स्वतः म्हशाला गेला. मांडवामागच्या खोलीत बारकू खाटेवर बसला होता. सदऱ्यात माणूस आहे की नाही, असं वाटावं इतका वाळलेला.

"ये दादा," तो म्हणाला, जणू काल भेटले होते.

सांध्यावरून बोट फिरवून बारकू हसला. तारा चढवून पिळायला लागला. पहिली, दुसरी. तिसऱ्या तारेला टक् असा बारीक आवाज आला आणि पॉलिशवर केसभर रेघ उमटली. बारकूने झटकन तारा सैल केल्या.

"दाते कुटं गेले, दादा?"

"साफ केले रे. सांधा चांगला बसावा म्हनून." राघो पॉलिशवरची रेघ अंगठ्याने पुसायला लागला. "तुज्याच रंध्यानं केले."

बारकूने गिटार बाजूला ठेवली. मोडक्या गिटारीचं जणू त्याला काहीच वाटलं नव्हतं.

"माजा रंधा अजून हाय?"

राघोने मान डोलावली आणि म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. बारकूने त्याचा हात धरला. "दादा, भायेर बोलू नको. सगल्यांना सांगितलंय मी, गिटार दादानं केली म्हनून. राहू दे."

हळद लागली, बेंजो पार्टी सुरू झाली. बारकू खुर्चीवर बसला, गळ्यात गिटार, तारा ढिल्या, वायर कुठेच जोडलेली नाही. त्याची बोटं तारांवरून पळत होती आणि सूर सगळे शेजारच्या कीबोर्डचे येत होते. मांडव नाचत होता. कुणीतरी राघोच्या पाठीवर थाप मारली, "काय सांधा केलास रं, राघोबा!" राघोला जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. बारकूने एकदाच त्याच्याकडे बघितलं, आणि वाजवतच राहिला.

दसऱ्याच्या आधीच बारकू गेला. राघोने यंदा त्याचा रंधा पाटाच्या मधोमध मांडला. काजल माहेरी आली होती, ती आपट्याची पानं घेऊन वैशाखऱ्याला आली. रंध्याला कुंकू लावता लावता म्हणाली, "मोठे आबा, माज्या हलदीला पप्पांची गिटार कवढी गोड वाजली, नाय?"

"व्हय गो," राघो म्हणाला. "लय गोड वाजली."