खाट आत नेली त्याची गोष्ट

बिद्रीच्या साखर कारखान्याच्या वाटेवर उसानं भरलेल्या गाडीवर चढलो, वरच्या मोळीतला जाडजूड ऊस उपसायला गेलो आणि मोळीसकट खाली आलो. ऊस शाबूत राहिला, माझा मणका राहिला नाही. वय एकतीस, लग्नाला चार वर्षं झालेली. बेंबीखालच्या अंगानं त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला.

पाच महिन्यांनी कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी सोडायच्या वेळी डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवलं. "एक विचारायचं राहिलं ना?" म्हणाले. मी छताच्या पंख्याची पाती मोजायला लागलो. बायकोनं पदर सारखा केला आणि विचारलं, "व्हय. आमचं दोघांचं काय?"

"पहिल्यासारखं होईलच असं नाही. कधी जमेल, कधी नाही. जिथं स्पर्श कळतो तिथून सुरुवात करा. आधी नळीनं लघवी काढून टाकायची. घाई करायची नाही. फजिती झाली तर हसायचं. आणि दार लावून घ्या."

शेवटची सूचना मला सगळ्यात सोपी वाटली. माझं घर मलाच माहीत नव्हतं म्हणायचं!

आमच्याकडे आजाऱ्याची खाट सोप्यात, पुढच्या उघड्या खोलीत. भेटायला येणाऱ्यांना बरं पडतं. सकाळपासून पावणं यायचे, बशीतून चहा ओढायचे आणि माझ्याकडं बघून मान हलवायचे. रात्री खाटेशेजारी आई अंथरूण टाकायची. बायको दिवसभर माझं सगळं करायची, नळी घालणं, कूस बदलणं, पाठ पुसणं; झोपायला मात्र आत, जावेजवळ. आम्ही नवराबायको उरलोय की नर्स आणि पेशंट झालोय, हे बघायला दहा मिनिटंसुद्धा दाराआड मिळत नव्हती.

आईला सरळ सांगायची छाती नव्हती, म्हणून मी हुशारी केली. म्हणालो, "हितं वारं लागतंय." भावानं तासाभरात खिडकीला पोतं ठोकलं. म्हणालो, "डास फार." मच्छरदाणी आली. शेवटी म्हणालो, "पावण्यांचा गलका सोसत न्हाई." आईनं सगळ्यांना दम भरला. पावणं कुजबुजायला लागले. काळोखी खोली, वरून जाळी आणि भोवती कुजबुजणारी माणसं. गल्लीत बातमी फुटली की माझं काही खरं नाही. तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून मावशी आली ती एसटी स्टँडपासूनच रडत.

मी चांगली भाकरी हाणताना दिसल्यावर ती जरा नाराज झाली. मग आईला म्हणाली, तेही माझ्या उशाशी बसून, "अक्का, सुनंला म्हायेरी धाड. तरणी पोर हाय. नवऱ्यापाशी आता काय राहिलंय तिचं?"

चार पावणं बशा तोंडाशी धरून थांबले. बायको दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, मावशीकडं नाही.

मी ओरडलोच. "आई, माझी खाट आतल्या खोलीत न्या! मला माझ्या बायकोजवळ ऱ्हायचंय. दार लावून!"

एका पावण्याला ठसका लागला. मच्छरदाणीच्या आत माझे कान तापले. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मुडद्या, मग वारं वारं करत हुतास ते ह्येच्यासाठी व्हय? चांगलं पोतं फाडलं की माझं!" मग पावण्यांकडं वळून, "बघत काय बसलाय? चार कोपरं धरा!"

धरले. माझं शेवटचं दर्शन घ्यायला आलेल्यांनीच खाट उचलली. सवयीनं पाय पुढं करून निघाले, तशी आई किंचाळली, "अरं फिरवा! डोस्क्याकडनं न्या! जित्ता हाय त्यो!" फिरवताना खाट चौकटीत अडकली. मी तिरका, घामाघूम आणि बायको तोंडात पदर कोंबून भिंतीकडं वळलेली.

दुसऱ्या दुपारी दार लागलं. बायकोनं खांद्यापासून बोट खाली आणलं. कुठवर कळतंय ते मी सांगत गेलो. बरगड्यांखाली चार बोटांचा पट्टा सापडला, तिथं नुसती फुंकर घातली तरी मी दचकायचो. कानामागं, मानेवरही तसंच; तिकडं पूर्वी कधी लक्षच गेलं नव्हतं. मग माझ्यातला जुना पैलवान जागा झाला आणि नळीचं राहूनच गेलं. चादर भिजली. मला मरावंसं वाटलं. बायको इतकी हसली की बाहेर जावेनं भांडी आपटली. "अवं, डाक्टरनी सांगितलंय हसायला. वळा आता कुशीवर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लागलं. एका दुपारी काहीच जमलं नाही. मी रुसलो, तिनं रुसू दिलं आणि मग डोकं चेपत बसली. पण दार रोज लावायचं, हे आम्ही ठरवलं होतं. शरीराशी नव्यानं ओळख करून घ्यायची तर हजेरी लावावीच लागते.

आठवड्यानं मावशी निघाली. पिशवी घेऊन आतल्या खोलीबाहेर थांबली. "सुनबाई, येतीस का संगं? तुझं म्हायेर माझ्या वाटंवरच हाय."

बायको माझ्या पायांना तेल लावत होती. हात न थांबवता तिनं आतूनच सांगितलं, "न्हाई मावशी. आत्ता कुठं शिकायला लागलोय आमी."