टाकी भरेपर्यंत

नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की मुकुंदवाडीतला आम्हा कॉलेजच्या पोरांचा भाड्याचा फ्लॅट आठवतो. तिथं आठवड्यातून एकदाच पाणी यायचं. एका पोळ्याच्या दिवशी बाकीची पोरं केव्हाच आपापल्या गावी गेलेली, मीही बॅग खांद्याला लावून घरी पाचोडला निघालेलो, आणि नळ फुसफुसला. खालच्या मजल्यावरून घरमालकीण चाची म्हणाल्या, “तू हाय म्हणून मला फिकीर नाय, बेटा. लई जिम्मेदार पोरगा.” मी बॅग खाली ठेवली, मोटर लावली आणि गच्चीवर टाकीपाशी बसून राहिलो. पाण्याला जोर नव्हता. टाकी भरत आली तेव्हा वडिलांचा फोन आला, “पोळा फुटला, बैलं मिरवून घरी आली. आता येऊन काय करतो?” सुट्टीवरून परतलेल्या पोरांनी त्याच पाण्यानं बादल्या भरभरून आंघोळी केल्या. आता ऑफिसात कुणी मला जिम्मेदार म्हणालं, की कळतं, बॅग खाली ठेवायची वेळ झाली.