कोमट पाण्याची आंघोळ

म्हाताऱ्या माणसांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हे सांगितलं कोणी, तर म्हाताऱ्यांनीच. मी पन्नाशीला आले, थोड्या वर्षांत मलाही लोक बुढी म्हणतील. तेव्हा माझ्याबद्दल खुशाल बोला. आत्ता मात्र मला बोलू द्या.

हिंदी मुलखातल्या बालाघाटात आमच्या मराठी बोलणाऱ्या समाजाचं एक भवन आहे. पुढे लांब ओसरी, वर पंखे, पंख्यांखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. संध्याकाळ झाली की रिटायर झालेले सगळे बुढे तिथे जमतात आणि देश कोणी बिघडवला याचा निकाल लावतात. निकाल रोज एकच लागतो: पोट्ट्यांनी बिघडवला. मोबाईलनं बिघडवला, जीनच्या पँटनं बिघडवला, चाउमीन खाऊन खाऊन बिघडवला. कोणाच्या घरचं पाणी कोणता बुढा अजून पीत नाही, हा विषय त्या ओसरीवर कधी निघत नाही.

माझे बाबा भरवेलीच्या खाणीच्या ऑफिसात बाबू होते. रिटायर झाल्यावर त्यांना समाजाच्या पंचांत घेतलं आणि बाबांची मान दोन बोटं वर झाली. पंचांचं काम काय, तर कोणाच्या पोरानं जातीबाहेर लग्न केलं की सतरंजीवर बसायचं आणि त्या घराला समाजाबाहेर काढायचं. असं कायद्यात बसत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. म्हणून कागद नाही, शिक्का नाही. फक्त त्या घरी कोणी जेवायचं नाही आणि त्या घराला कोणी बोलवायचं नाही. बाबांनी अशी किती घरं काढली असतील, त्यांनाच ठाऊक. घरी येऊन शांतपणे चहा प्यायचे.

मग माझ्या लहान बहिणीनं लग्न केलं. ती गोंदियाला एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा तिथेच एक्स-रे काढणारा पोरगा, घर आमच्याच बालाघाटातलं, दुसऱ्या वार्डातलं, बौद्ध कुटुंब. बाबांना तो आवडायचा, हे मी शपथेवर सांगते. एकदा बाबांची कंबर धरली तेव्हा त्यानंच त्यांना उचलून गाडीत बसवलं होतं, आणि बाबा महिनाभर त्याचं कौतुक करत होते. पण माणूस आवडणं वेगळं आणि जावई म्हणून चालणं वेगळं. लग्नाला बाबा गेले नाहीत. आई आणि मी गेलो.

पंचांनी बाबांना काढलं. ज्या सतरंजीवर बसून बाबा दुसऱ्यांना काढायचे, त्याच सतरंजीसमोर त्यांना उभं केलं. आणि बाबांनी काय म्हणावं? "बरोबर आहे तुमचं." अरे बाप्पा! मला वाटलं होतं हा माणूस निदान ओरडेल, खुर्ची फेकेल. नाही. कायदा आपणच केलेला, तो मोडायचा कसा?

पण काढल्यावर काय होतं ते बाबांना तेव्हा कळलं. परसवाड्याला दूरच्या नात्यातलं एक लग्न होतं. बोलावणं नव्हतं तरी बाबा गेले, मला सोबत नेलं. पंगतीत बसले. त्यांच्या दोन्ही बाजूच्या पाटांवर कोणी बसलं नाही. वाढणारा वरण घेऊन आला, अलीकडच्या माणसाला वाढलं, पलीकडच्या माणसाला वाढलं, आणि बाबांच्या कोरड्या भातावरून पळी तशीच पुढे गेली. बाबा भात चिवडत बसले. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि उठवलं. येताना बसमध्ये ते म्हणाले, "असं दुसऱ्याले होत असन तं किती वाईट वाटत असन." मला हसावं की रडावं कळेना. सत्तरी ओलांडली तेव्हा या माणसाच्या डोक्यात हा विचार पहिल्यांदा आला!

वर्षभरानं समाजाचे अध्यक्ष बाबांच्या घरी आले. माझं सासर त्याच गल्लीच्या टोकाला, म्हणून मी आणि माझी पोरगी तिथेच होतो. हे अध्यक्ष म्हणजे सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभे राहून "जात-पात छोड़ो, एक बनो" असं भाषण ठोकणारे गृहस्थ. माइक हातात आला की आमचे बुढे हिंदी बोलतात. घरात मात्र ते मराठीत म्हणाले, "परत घेतो तुमाले समाजात. एक जेवण द्या, आन पोरीच्या नावानं आंघोळ करा. बस."

आमच्याकडे कोणी वारल्याची बातमी आली की घरची माणसं डोक्यावरून पाणी घेतात. म्हणजे बाबांनी भवनाच्या अंगणात, सगळ्यांदेखत, जिवंत पोरीच्या नावानं आंघोळ करायची आणि तोंडानं म्हणायचं की माझी मुलगी मेली.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "बाबा, हे तुम्ही करणार नाही."

बाबा म्हणाले, "बाई, तुले समजत नाही. म्हणा लागते तसं. म्हटल्यानं कोणी मरते का?"

"मंग म्हणताच काहून?"

"तुह्या पोरीचं लग्न व्हायचं आहे पुढं. कोण करन पोरगी अशा घरची?"

माझी पोरगी आत अभ्यास करत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "नानाजी, मेरा नाम मत लो इसमें." बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच बोलली, "मी नाही येत. तिले मी पैदा केलं, पंचांनी नाही." आणि आत जाऊन तिनं कढईत फोडणी टाकली, इतक्या जोरात की अध्यक्षांना ठसका लागला.

तरी बाबा गेले. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून माझ्या स्कूटीवर मागे बसून गेले. मी का नेलं असं तुम्ही विचाराल. ते पायी निघाले होते, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि मला हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं. पुढे कोणी म्हणालं असतं की असं काही झालंच नाही, तर सांगायला एक माणूस हवा होता.

दिवस थंडीचे. भवनाच्या मागच्या अंगणात एक पाट मांडला होता, पाटाजवळ बादली. आणि बादलीतून वाफ निघत होती! भवनाच्या बाथरूममध्ये गिझर आहे, तिथून पाणी आणलं होतं. अध्यक्षांनी स्वतः बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, "अजून थोडं थंड मिसळा, बुढ्याले चटका बसन." पोरगी मारायला निघाले होते, पण बापाला सर्दी होऊ नये याची पुरी काळजी. असं कोमट पाणी करून सुतक पाळणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

बाबा बनियान काढून पाटावर बसले. पाठीची हाडं दिसत होती. एकानं लोटा ओतला. बाबा हात जोडून म्हणाले, "माही लहान पोरगी मले मेली." मग टाळ्या वाजल्या. मी खोटं सांगत नाही, टाळ्या वाजल्या.

नंतर पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, वडे, बुंदी. आता बाबांच्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि पळी कोणाच्या पानावरून पुढे जात नव्हती. बाबांनी बुंदी मागून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख मी फार दिवसांनी पाहिलं आणि मला इतका राग आला की पान तसंच टाकून मी उठले. जेवण आटोपल्यावर अध्यक्षांनी माइक घेतला: "यह नई पीढ़ी देश को डुबाएगी." बुढ्यांनी माना डोलावल्या, ढेकर दिले.

नवीन पिढीही तिथेच होती बरं का. तरणे पोट्टे हात वर करून मोबाईलनं व्हिडिओ काढत उभे होते. त्यांतल्या एकाच्याही तोंडून "काका, हे काय करून राह्यले" असं निघालं नाही. म्हणून सगळं खापर बुढ्यांच्या डोक्यावर फोडायचं म्हटलं तर माझी जीभ थोडी अडखळते. बुढ्यांनी वाढलं, पोट्ट्यांनी ताट पुढे केलं. पण रांधलं कोणी, ते विसरायचं नाही.

घरी आल्यावर बाबांनी मला फोन लावायला लावला. बहिणीला. ते खुशीत होते. "तिले सांग, मिटलं सगळं. मी समाजात आलो. आता दिवाळीले ये म्हणा."

मी फोन त्यांच्याच हातात दिला. स्पीकर चालू होता. बाबांनी तेच सांगितलं. मग बहीण म्हणाली, "पाहिलं मी, बाबा. व्हिडिओ आला. टाळ्या पण ऐकल्या."

"अवं, ते म्हणा लागते तसं."

"पाणी गरम होतं ना? वाफ दिसत होती. सर्दी तं नाही झाली?"

"नाही, नाही."

"दिवाळीले ये म्हणता. कोणत्या दारानं येऊ?"

बाबा गडबडले. म्हणाले, "मागच्या दारानं ये. अंधार पडल्यावर ये. कोणी पाहत नाही तेव्हा."

"ठेवते, बाबा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

बाबांना खरंच कळलं नाही की काय झालं. ते मला विचारत होते, "का बाई, रागावली का ते?" आणि मला त्या दिवशी समजलं की या लोकांनी नेमकं काय केलं आहे. चोऱ्या केल्या नाहीत, दरोडे घातले नाहीत. आयुष्यभर वेळेवर ऑफिसात गेले, पोरांच्या फिया भरल्या. यांनी फक्त एक गोष्ट शिकवली: म्हणायचं असते. झेंड्याखाली एक म्हणायचं असते, सतरंजीवर दुसरं म्हणायचं असते, घरी येऊन तिसरं. आपण जे म्हणतो ते कोणाला तरी लागते, हे यांच्या गावीच नाही. देश अशानंच सडतो, आणि सडका वास आला की हे नाकाला पंचा लावून म्हणतात, आजकालची पोरं आंघोळ करत नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी अध्यक्षांच्या बायकोला गोंदियाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. नंबर लागत नव्हता. अध्यक्षांनी कोणाला फोन केला असेल? माझ्या मेलेल्या बहिणीला. आणि तिनं नंबर लावून दिला, बाईला हाताला धरून आत नेलं, गोळ्या समजावून सांगितल्या. अध्यक्षांनी ओसरीवर याची वाच्यता केली नाही. मीच बाजारात चारचौघींना सांगत फिरले.

आई दर महिन्याला गुडघे दाखवायच्या नावाखाली गोंदियाला जाते. गुडघे ठीक आहेत. दोन दिवाळ्या गेल्या, बहीण घरी आली नाही. पुढच्या दारानं नाही, मागच्याही नाही.

परवाच्या उन्हाळ्यात बिरसा गावाकडचा एक माणूस बाबांकडे आला. समाजातलाच, शेती करणारा, शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. त्याच्या पोरीनं रायपूरला शिकता शिकता तिथल्या एका मुलाशी लग्न केलं होतं. अध्यक्षांनीच त्याला पाठवलं होतं, म्हणाले होते की यांनी केलं आहे, यांना विचार. म्हणजे बाबा आता या कामातले जाणकार झाले होते!

मी तेव्हाही आईकडे आलेली होते. चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा बाबा त्याला सांगत होते, "पाच मिनिटाचं काम आहे. भेऊ नको. म्हणून टाकायचं, मोकळं व्हायचं."

तो माणूस खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. म्हणाला, "आन मंग पोरगी?"

"पोरगी काय?"

"मंग घरी येते का? तिच्या मायनं जेवण सोडलं आहे जी. मी म्हटलं, येत असन तं करून टाकतो."

बाबा कपात पाहत राहिले. मग म्हणाले, "येते ना. थोडे दिवस राग असते. मंग येते."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की माझ्या अंगाची लाही झाली. मी ट्रे टेबलावर आपटला. "नाही येत, भाऊ. आमची नाही आली."

"बाई, तू आत जाय," बाबा म्हणाले.

"नाही जात. भाऊ, ऐका. हे दररोज सकाळी तिले फोन लावतात. आंघोळीच्या आधी, देवपूजेच्या आधी. अन् पोरगी दररोज फोन कापते. दोन वर्षं झाले, एकदा नाही उचलला."

बाबांना वाटत होतं की हे कोणाला माहीत नाही; बहिणीनं ते आईला कधीच सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो माणूस त्यांच्याकडे पाहत होता. ही बाई खोटं बोलते असं बाबा म्हणतील, याची तो वाट पाहत होता. खरं सांगते, मीही तेच धरून चालले होते आणि उत्तर तयार ठेवलं होतं.

बाबांनी कप खाली ठेवला.

"नको करू," ते त्याला म्हणाले. "नाही येत."