परसातला सुरण

सकाळी शेजारच्या वहिनी नाकाला पदर लावून कुंपणाशी आल्या. “भाऊजी, तुमच्या परसात उंदीर मेलाय!”

पाचोळा उपसून पाहिला, तर उंदीर नव्हताच. गेल्या वर्षी जाण्याआधी बायकोने “खणू नका, एकदा फुलू दे” म्हणून राखलेला सुरण फुलला होता. जांभळट, परडीएवढं फूल आणि त्यावर माश्यांची झुंबड. कुजका वास हे त्याचं सोंग. काहीतरी मेलंय असं समजून माश्या येतात आणि पराग माखून दुसऱ्या फुलाकडे जातात. मरणाचं इतकं आनंदी सोंग मी प्रथमच पाहत होतो.

“उपटून टाका हो!” वहिनी म्हणाल्या.

“हिने राखलाय. चार दिवस नाक धरा.”

त्या पदराआडून हसल्या. “असू दे मग. होती तेव्हा तरी कुठं माझं ऐकायची!”