उशिराची लावण

सिस्टरांना त्या बाई पहिल्यांदा दिसल्या त्या लिफ्टमध्ये. पांढरा डबा छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या होत्या आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "धक्का नको हं, धक्का नको." डब्यात जसं काही तान्हं बाळच निजलंय. जळीत विभागाच्या दारात त्यांनी तो सिस्टरांच्या हाती दिला आणि आत न डोकावताच परत फिरल्या.

डब्यात कातडी होती. डॉक्टरांनी पेशंटच्या काखेतून काढलेला टपाल तिकिटाएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या पेशी बशांमध्ये वाढवायच्या, हे या बाईंचं काम. तीन आठवड्यांत त्याच पेशंटची पाठ झाकेल एवढे पातळ पापुद्रे तयार होत. दवाखान्यात सगळे त्यांना माळीणबाई म्हणत.

पुढे चहाच्या वेळी दोघींची ओळख वाढली. माळीणबाई एकट्या राहायच्या. पेशींचं खाद्य दिवसाआड बदलावं लागे, त्यात रविवार नाही की सुट्टी नाही. भाऊ फोनवर वैतागायचा, "तुझ्या बशा काय पळून जाणार आहेत?" या म्हणायच्या, "पळत नाहीत रे, उपाशी मरतात." असं होता होता भावाकडचं बोलावणंच कमी झालं.

त्यांची एक सवय होती. सगळ्या पेशी एकदम बशांत लावायच्या नाहीत. थोड्या मागे ठेवून चार दिवसांनी लावायच्या. पापुद्रा तयार झाला की लगेच वापरावा लागतो. दोन-तीन दिवस राहिला की जून होतो, जखमेवर नीट धरत नाही. ऑपरेशन पुढे गेलं तर उशिराची लावण हाताशी असे. मात्र त्यापायी आणखी चार दिवस अडकून पडावं लागे.

मग बेकरीतला एक कारागीर आला. भट्टीचा भडका अंगावर आलेला, पाठ आणि दोन्ही पाय भाजलेले. भेटायला कुणी नाही. नेमकं त्याच महिन्यात माळीणबाईंच्या भाचीचं लग्न होतं. तिने स्वतः फोन केला, "आत्या, या वेळी नाही म्हणालीस तर मी बोलणारच नाही."

माळीणबाईंनी नोकरीत पहिल्यांदाच सगळ्या पेशी एका दिवशी लावल्या. शुक्रवारी पापुद्रे द्यायचे, शनिवारी गाडी धरायची.

गुरुवारी कारागिराला ताप भरला. डॉक्टरांनी ऑपरेशन सोमवारवर ढकललं. शनिवारी सकाळी सिस्टर वर प्रयोगशाळेत गेल्या, तर भरलेली बॅग पायाशी ठेवून माळीणबाई सूक्ष्मदर्शकात बघत होत्या.

"जाऊन या हो. तुम्ही इथे बसून काय होणार?"

"खाद्य देईन. तेवढंच."

गाडी गेली. सोमवारी पापुद्रे लावले. आठवड्याने ड्रेसिंग सोडलं तेव्हा पायांवरचे छान धरले होते, पाठीवरचे निम्मे निसटून आले. डॉक्टर म्हणाले, पाठीचं असं होतंच, जून झाल्यामुळेच झालं हे कुणी सांगावं? माळीणबाईंना ते पटलं नाही. प्रत्येक पेशंटच्या थोड्या पेशी त्या गोठवून ठेवत. त्यांतून पुन्हा लावण केली, आणि मग आयुष्यात प्रथमच एका पेशंटच्या खाटेपाशी आल्या. तो पालथा पडलेला, म्हणून त्याच्या तोंडासमोर उकिडव्या बसल्या.

"तुम्हाला अजून तीन आठवडे काढावे लागणार. चूक माझी आहे. मला लग्नाला जायचं होतं."

"मग जेवलात का पोटभर?"

"गेलेच नाही."

"घ्या! म्हणजे तुमचंही गेलं नि माझंही. काढू की ताई तीन आठवडे. माझी वाट बघतंय कोण?"

शेजारी उभ्या सिस्टर उगीचच सलाईनची नळी सारखी करत राहिल्या.

दुसऱ्या खेपेचे पापुद्रे धरले. कारागीर बरा होऊन गेला. भाची बोलायची थांबली ती थांबलीच. माळीणबाई अजून कामावर आहेत. रजेचा अर्ज त्यांनी पुन्हा केलेला नाही.