सुमनच्या खांद्याचे सव्वीस दिवस

जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला आणि जवळ जाऊन पाहिला. मग विचारलं, "आजी पडल्या कधी?"

"सव्वीस दिवस झाले," आमची सून वैशाली म्हणाली.

"मग इतके दिवस काय केलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझी बायको सुमन म्हणाली, "मीच म्हटलं, हाडवैद्याकडे जाऊ. मला ऑपरेशनची भीती वाटते." आणि लगेच, "हात डोक्यामागे जाईल ना, डॉक्टर? माझी वेणी मला घालता आली म्हणजे झालं."

भीतीचं साफ खोटं. आणि मी, आमच्या सावदा गावात चारचौघांत तावातावाने बोलणारा माणूस, मुंडी खाली घालून बसलो.

खरं घडलं ते असं. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून सुमन उजव्या खांद्यावर पडली. वय एकाहत्तर. दंड काळानिळा झाला, हात उचलेना. वैशाली म्हणाली, "नाना, गाडी काढते, एक्स-रे तरी काढू." सुमन तर चप्पल घालून तयार होती. मी खेकसलो, "डॉक्टरकडे गेलं की चाकूच! माझा घोटा हाडवैद्यानेच बसवला, अजून बांधावरून चालतो मी." घरात माझ्यापुढे कोणी बोलत नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

हाडवैद्याने कोमट तेलाने खांदा चोळला, ओढला, बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली. दर चार दिवसांनी सोडायचं, चोळायचं, परत बांधायचं. चोळताना सुमन पदर तोंडात धरायची आणि मी म्हणायचो, "थोडं सोस, हाड बसतंय." आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. बोटं सुजली, मुंग्या यायला लागल्या, तेव्हा वैशालीने मला न विचारता गाडी काढली. देव तिचं भलं करो.

डॉक्टरांनी नीट समजावलं. प्रॉक्सिमल ह्यूमरस फ्रॅक्चर, म्हणजे दंडाचं हाड खांद्याशी मिळतं तिथे मोडलेलं. उतारवयात हाडं ठिसूळ होतात, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मग साध्या पडण्यानेही मोडतात. सीटी स्कॅनमध्ये हाडाचे चार तुकडे दिसले, तेही सरकलेले. "लगेच आला असता तर कदाचित हात गळ्यातल्या झोळीत ठेवून भागलं असतं. कदाचित तेव्हाही ऑपरेशनच लागलं असतं. आता सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आता ऑपरेशन करावंच लागणार होतं, त्याचं नाव रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट. खांद्यात गोळा दंडाच्या हाडाला असतो आणि वाटी फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाला. इथे उलट करतात, धातूचा गोळा फऱ्याला आणि वाटी दंडाला. आतले स्नायू दुबळे झाले तरी बाहेरचा मोठा स्नायू हात उचलतो. तिला ऑपरेशनसाठी आत नेल्यावर शेजारी बसलेले रावेरचे एक भाऊ सांगायला लागले, त्यांच्याकडे म्हणे फार हातगुण असलेला हाडवैद्य आहे. मी हात जोडले. म्हटलं, "भाऊ, आधी एक्स-रे काढा. त्याआधी कोणाला खांद्याला हात लावू देऊ नका."

टाके निघाले. काही आठवडे हात झोळीत राहिला, मग फिजिओथेरपी. म्हणजे दाराला टांगलेल्या कप्पीवरून दोरी ओढायची, बोटं भिंतीवरून वर चालवायची. कुठवर पोहोचली तिथे वैशाली पेन्सिलने रेघ मारायची. रेघा चढत गेल्या. मग सुमनच्या कपाळाच्या उंचीला थांबल्या. महिनाभर तिथल्या तिथेच.

सहा महिन्यांनी परत जळगाव. डॉक्टर म्हणाले, "दुखणं गेलं, घास तोंडात जातो, हे चांगलंच आहे. पण हात डोक्यामागे जाईल असं वाटत नाही. उशीर झाला, स्नायू आखडले."

सुमन म्हणाली, "जाऊ द्या. माझाच हट्ट होता."

आता मात्र माझ्याने राहवेना. "डॉक्टर, हट्ट माझा होता. ही पहिल्याच दिवशी यायला तयार होती." डॉक्टरांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागले.

बाहेर बाकावर बसल्यावर सुमन माझ्यावर उखडली. "कशाले सांगितलं? आता काय हात वर जानार हाये?"

"नाही जाणार."

"मंग?"

"तुझ्या नावावर नको राहायला ते."

ती माझ्याकडे पाठ करून बसली. केस सुटले होते. वैशाली औषधं आणायला गेली होती. "घाला मंग वेनी," सुमन म्हणाली.

जन्मात कधी केलं नव्हतं. समोरची माणसं बघत होती. बघोत. मला पेडही धरता येईनात. कोणता कशावरून घ्यायचा, ते ती पाठमोरीच सांगत गेली.