स्कॅन शिरूरला, बैठक दौंडला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मी मधे थांबत नाही.

आमच्या पोराचं, दत्ताचं, लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी पसंत होती. दौंडजवळ तिच्या घरी बैठक होती, आणि त्याच दिवशी सकाळी शिरूरला माझ्या पोटाचा सीटी स्कॅन. पोट बरेच दिवस दुखत होतं. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं उरकू. तिथंच फसलो!

स्कॅनच्या आधी नर्सबाईनं औषध कालवलेलं बाटलीभर पाणी पाजलं. चव अशी, की मेंढरानंही तोंड फिरवलं असतं. वर आणखी इंजेक्शन. अंगातून गरम लाट गेली.

निघताना ती म्हणाली, "आबा, या औषधानं कधीकधी पोट बिघडतं. आज घरीच थांबा."

"बाई, जन्म मेंढरांमागं गेला. वढ्याचं, डबक्याचं, कुठलंबी पाणी प्यालोय. तुमच्या बाटलीला भितोय व्हय मी?"

एवढं बोलून एसटीत बसलो. सोबत मेहुणा नामदेव. त्याला बजावलं, "स्कॅनचं तिथं बोलायचं न्हाई. सासरा आजारी म्हनल्यावर पोरगी कोन देतंय?"

न्हावऱ्यापर्यंत पोट गप्प होतं. पुढं बोलायला लागलं. दौंड आलं तेव्हा भांडायला लागलं होतं.

मुलीच्या घरी पडवीत माणसं जमलेली. म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा आला. नको म्हणावं तर त्यांचा अपमान. प्यालो!

वाद एकच होता. लग्न कुणाच्या दारात? मुलीचे वडील म्हणाले, "पाव्हणं, लगीन आमच्या दारात करायचं." मी हो म्हणायचं ठरवूनच आलो होतो. तोंड उघडलं, आणि पोटात अशी कळ आली की ताडकन उभाच राहिलो.

बैठकीत मुलाचा बाप न बोलता उठला, तर आमच्याकडं त्याचा अर्थ एकच. पाहुणा बिघडला!

"आबा, बसा, बसा!" दोघांनी दंड धरून मला खाली दाबलं. अशा वेळी खाली दाबणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

"बरं, लगीन तुमच्या दारात. झालं?"

मी पुन्हा उठलो.

"जेवणाचंबी आमी बघतो! बसा की आबा!"

नामदेव कानाशी लागला, "दाजी, आता बास. लई ताणू नका."

मी काय आवरून धरलं होतं, ते त्याला काय सांगू?

"सोडा मला!" मी ओरडलो, हात झटकले आणि मागच्या दारानं सुटलो. न्हाणीपाशी भरलेला तांब्या दिसला. तो उचलला आणि समोरच्या उसात घुसलो.

इकडं नामदेवानं सगळ्यांना समजावलं म्हणे, "दाजींला राग आला की ते असंच रानात जाऊन बसत्यात. कुनी मागं जाऊ नगा." जन्मात त्यानं केलेलं हे एकच शहाणपणाचं काम.

मी परत आलो तो अगदी शांत होऊन. म्हणालो, "आता माजी काय तक्रार न्हाई." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुपारी फुटली.

गावात माझं नाव झालं. "बैठकीला आबाच पायजेत! नुसतं हुभं राहून पाव्हणं वाकवलं!" मीही मिशीवरून हात फिरवत गप्प बसलो. रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही. जे होतं ते दौंडच्या उसात राहिलं.

मग लग्न. आमच्या दारात मांडव. मला फेटा बांधला, शाल पांघरली. गावातले सगळे मानकरी बघत होते. तेवढ्यात विहीणबाई पदर सावरत पुढं आल्या आणि एक भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. त्यांचं नाव कोरलेला. तोच! त्या दिवशी मोकळं होण्याच्या आनंदात मी तो उसातच विसरलो होतो.

"आमच्या उसात घावला, आबा," त्या म्हणाल्या. "म्होरल्या वक्ताला राग आला, तर आदी ह्यो मागा, मग उठा. आमी काय धरून ठेवणार न्हाई."

सगळा मांडव हसून फुटला. सगळ्यात मोठ्यानं नामदेव.

एवढा अपमान! ताडकन उठून चालतं व्हावं असं वाटलं. पण तसाच बसून राहिलो. त्या वेळी उठलो असतो, तर सगळ्या मांडवानं बाजूला सरून मला उसाकडं वाट करून दिली असती.